लष्कराच्या राज्यात हा पिक्चर सुटला कसा?

कृष्णाकाठ (सांगली):
पोरानं लॅपटॉपवर लावून दिलेला 'द रेड लाइट बँडिट' काल रात्री बघितला. ब्राझील, १९६८, कृष्णधवल. तांबडी बॅटरी घेऊन बंगले फोडणारा चोर. असा खराखुरा चोर साओ पावलोत होता, १९६७ ला सापडला, त्याच्यावरनं बेतलाय. कथा म्हणाल तर धड नाही. मध्येच एक बाई न् एक बाप्या रेडिओवर बातम्या दिल्यागत आलटूनपालटून ओरडतात. पुढारी भामटा, पोलीस येडपट. तिथं तर १९६४ पासून लष्कराचं राज्य. सेन्सॉर झोपलं होतं काय?

रीळवाला (मिरज):
तारखा बघा. पिक्चर झाला तोवर फास पुरता आवळला नव्हता. १३ डिसेंबर १९६८ ला 'एआय-५' हा फतवा निघाला: संसदेला कुलूप, राजकीय कैद्यांना हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) नाही, सेन्सॉर कडक. दिग्दर्शक स्गँझेर्ला तेव्हा बावीस वर्षांचा! १९७० ला त्यानं न् ब्रेसाने या दुसऱ्या दिग्दर्शकानं 'बेलएअर' ही फिल्म कंपनी काढली, काही महिन्यांत अर्धा डझन पिक्चर उरकले, आणि दोघांना देश सोडावा लागला.

माझा जीव मात्र अडकला साओ पावलोतल्या बोका दो लिशो या वस्तीत. चोर तिथलाच. नावाचा अर्थ 'कचऱ्याचं तोंड'. पण फिल्म वितरकांची ऑफिसं तिथंच, कारण लूझ स्टेशन जवळ. रिळांचे डबे रेल्वेनं गावोगाव जायचे. आमचे वडील ऑपरेटर. मिरज जंक्शनला पेटी उतरली की सायकलच्या कॅरेजवर बांधून मी आणायचो. एकदा तिसरं रीळ आलंच नाही. वडिलांनी दुसऱ्यावरनं थेट चौथं लावलं. एक शिट्टी वाजली नाही. हा पिक्चर बघताना तसंच वाटतं, फक्त इथं रीळ मुद्दाम गाळलंय.

पुसेगावकर (सातारा):
मला अर्ध्या तासात जांभया. आमच्या यात्रेत लावला असता तर पब्लिकनं तंबू फाडला असता.

रीळवाला (मिरज):
उलट तंबूतल्यांनाच कळला असता. तो चोरच म्हणतो की, काही करता येईना की माणूस सगळ्याची टवाळी करतो, स्वतःचीपण. आणि असल्या पिक्चरांना नाव काय, तर 'उदिग्रुदी'. 'अंडरग्राउंड'चं तोंडात वळलेलं रूप, आपल्या 'ठेसना'सारखं. ग्लाउबेर रोशा हा तिथलाच नावाजलेला दिग्दर्शक हिणवायला म्हणायचा, तेच चिकटलं.

कृष्णाकाठ (सांगली):
ते राहू द्या. तिसऱ्या रिळात होतं काय?

रीळवाला (मिरज):
हिरोच्या बापाचा खून. चौथ्यात सगळे रडत होते.