चार दिवस चालायचे नसेल तर?

पेरूतील माचू पिक्चू या जुन्या इंका नगरीकडे जाणारी चार दिवसांची पायवाट, म्हणजे इंका ट्रेल, झेपणार नसेल तर तेथे रेल्वे आणि बसनेच जावे, असा सल्ला दिला जातो. मात्र या दोहोंमधला एक चांगला मार्ग त्यात राहून जातो. कुस्को शहराच्या बाजूने माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालियेंतेस गावाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर १०४ व्या किलोमीटरला उतरून, उरुबांबा नदी ओलांडून, साधारण एका दिवसाची चाल करत सूर्यद्वारातून, म्हणजे इंती पुंकूतून, माचू पिक्चूला पोहोचता येते. मोठ्या ट्रेलप्रमाणे येथेही परवाना आणि अधिकृत वाटाड्या अनिवार्य आहे, त्यामुळे आरक्षण बरेच आधी करावे. फेब्रुवारीत देखभालीसाठी वाट बंद असते.

सुरुवातीलाच चाचाबांबाचे अवशेष लागतात, पण खरे रेंगाळावेसे वाटते ते पुढच्या विन्याय वायना या इंका अवशेषांपाशी. उभ्या, आत वळलेल्या डोंगरउतारावर रचलेल्या शेतीच्या पायऱ्या, वरच्या आणि खालच्या घरांना जोडणारा लांब दगडी जिना आणि त्याच्या कडेने एकाखाली एक असलेली पाण्याची कुंडे पाहताना इंकांचे जलव्यवस्थापन जितके स्पष्ट उमगते, तितके माचू पिक्चूच्या गर्दीत क्वचितच उमगते, असे माझे मत आहे.

मोठ्या ट्रेलवरील सुमारे ४,२०० मीटरची खिंड येथे टळते आणि वाट बहुतांशी २,७०० मीटरच्या आतच राहते. मात्र कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर असल्याने विरळ हवेचा त्रास चालण्याआधीच, तेथे उतरल्यावर होऊ शकतो.