छोट्या पीसीत ३७ मिमीचा कुलर आणि ४५० वॉट: नागपूरच्या मे महिन्यात चालवून दाखवा

वऱ्हाडी_आयटीएक्स
परवा सिंगलस्लॉट यांनी ठोकून दिलं की सात लिटरच्या पीसी कॅबिनेटात प्रोसेसरवर ३७ मिमी उंचीचा कुलर आणि ४५० वॉटचा एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कुणालाही पुरतो, त्याहून जास्त घेणारा पैसे पाण्यात घालतो. दोन दिवस गप्प बसलो. पण खाली तीन पोरांनी "ऑर्डर केला दादा" असं लिहिलेलं पाहिलं आणि राहवलं नाही.

तुम्ही ज्या चाचण्या वाचता त्या वीस-बावीस अंशांच्या खोलीतल्या असतात. माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब थेट उन्हात. मे महिन्यात दुपारी आत ४० अंश. खोली अठरा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो, कुलरचा हीटसिंक काय स्वतः गारवा तयार करत नाही. माझा रायझन ५ ७६०० प्रोसेसर खोक्यावर ६५ वॉटचा असला तरी ८८ वॉटपर्यंत खेचतो आणि ९५ अंशांना त्याचा वेग खाली येतो. ३७ मिमीच्या कुलरवर व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पाचव्या मिनिटाला ९५, आणि पंख्याची किंकाळी शेजारच्या खोलीत. कॅबिनेटात जागा ४८ मिमीची होती! ४७ मिमीचा बसवला. तोच प्रोसेसर, तोच मे महिना, ८६.

एसएमपीएसचंही तेच. सँडविच कॅबिनेटात, म्हणजे बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसतात तिथे, तो कार्डाच्या गरम हवेत बसतो. कमी वीज वाया घालवण्याचा ८० प्लसचा बिल्ला साधारण २३ अंशांतल्या चाचणीवर मिळतो, आमच्या दुपारी त्याला काय अर्थ? आतले कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापले की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. कमी भारावर पंखा बंद ठेवणारे मॉडेल तर आमच्याकडे मुळीच घेऊ नयेत. ६०० वॉटचा घ्या आणि पंखा सतत फिरता ठेवा.

सिंगलस्लॉट
आधी बेरीज करा. प्रोसेसर ८८, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाचे ११५, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून ५०. झाले अडीचशे. ४५० मध्ये दोनशे शिल्लक. ६०० चा घेतल्याने उष्णता कमी होते हे कुठून काढलंत? भार तोच, उष्णता जवळपास तीच. आणि इथे एसएफएक्समध्ये मुळात निवड किती? साध्या, मोठ्या आकाराच्या एटीएक्सच्या मानाने किंमत कितीतरी जास्त. विद्यार्थ्याने ते पैसे कार्डात घालावेत.

कुलरचं म्हणाल तर बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरच्या वॉटची मर्यादा, ६५ वर बांधा. गेमिंगमध्ये फरक जाणवत नाही. पुण्यात दोन वर्षं चालवतोय, एकदाही तक्रार नाही.

वऱ्हाडी_आयटीएक्स
पुण्यात! तिथेच तर सगळं आलं. पैसे ८८ वॉटच्या प्रोसेसरचे द्यायचे आणि ६५ वर बांधायचा, दहा मिलिमीटर वाचवायला?

लोहमार्ग_ठाणे
बेरीज सरासरीची झाली, उसळीची नाही. माझ्याकडे ३२० वॉटचं कार्ड होतं आणि ६०० वॉटचा एसएमपीएस. कागदावर सगळं बसत होतं. गेममध्ये लोडिंग संपून दृश्य उघडलं की मशीन खाडकन बंद. महिनाभर रॅम बदलली, विंडोज टाकलं. शेवटी मित्राचा ७५० चा लावला आणि प्रश्न मिटला. कार्ड काही मायक्रोसेकंद दुप्पट करंट ओढतं. २०२२ साली एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंदांसाठी २०० टक्के भाराची अट आली ती याचसाठी.

सिंगलस्लॉट
११५ वॉटच्या कार्डाला ३२० वॉटच्या कार्डाची गोष्ट लावू नका.

हापूस_रत्नागिरी
वॉटवरून भांडताय, पण मुळात घरातल्या विजेचं काय? माझ्या छोट्या पीसीच्या कॅबिनेटला अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस दोनदा बदलून घेतला, तिसऱ्यालाही तेच. दुकानदार म्हणतो दोष नाही.

सोल्डरगन
दुकानदार बरोबर आहे. बोर्डातली तिसरी, वरची मोठी अर्थची पिन कुठेतरी जोडलेली आहे का ते बघा. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहून ११५ व्होल्टच्या आसपास जातो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. मल्टीमीटर लावा: फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट यायला हवेत.

हापूस_रत्नागिरी
फेज ते अर्थ ४० दाखवतोय, तोही हलता. घर आजोबांच्या वेळचं, नंतर टू-पिनच्या जागी थ्री-पिन बोर्ड बसवले.

काका_सातारकर
त्यात एवढं काय. बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थला वायरचा तुकडा जोडून टाका. आमच्या वायरमनने सगळ्या घराला तसंच केलंय, पंधरा वर्षं झाली.

सोल्डरगन
काका, हे वाचून कुणीतरी मरेल! न्यूट्रल वाटेत कुठे तुटला की त्या तुकड्यातून पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर, फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर येतात. ओल्या हाताने कोण फ्रिज उघडणार आहे घरात? आजच्या आज काढा.

काका_सातारकर
मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नाही. पंधरा वर्षांत कुणाला काही झालं नाही, हे मी लिहिलंय.

सोल्डरगन
वयाचा मान आहे. पण माझ्या मावसभावाच्या घरी हेच झालं होतं. गणपतीच्या दिवसांत खांबावरचा न्यूट्रल तुटला, मावशी मिक्सरला चिकटली. वेळेवर बटण बंद झालं म्हणून वाचली. म्हणून आवाज चढला. खड्डा खणून अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा.

लोहमार्ग_ठाणे
शिवाय अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डही अर्धाच काम करतो. आणि पीसी इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर, म्हणजे लाइट गेल्यावर क्षणात बॅटरीवर जाणाऱ्या मोडवर, आहे का तेही बघा. नाहीतर लाइट गेली की एसएमपीएस कितीही भारी असला तरी मशीन बंद पडणारच.

काका_सातारकर
वायरमनला रविवारी बोलावलंय. पटलं म्हणून नाही, सून ऐकेना म्हणून.

सिंगलस्लॉट
विषय अर्थिंगवर गेलाच आहे तर मी माझं सांगून थांबतो. ४५० वॉटवर ठाम आहे. पण कुलरबाबत "कुणालाही" हा शब्द मी वापरायला नको होता. कॅबिनेटात ४८ मिमी जागा असेल तर ३७ चा घेण्यात शहाणपण नाही, एवढं मान्य. ऑर्डर केलेल्या तिघांनी अजून खोकं उघडलं नसेल तर बदलून घ्या.

वऱ्हाडी_आयटीएक्स
आणि पंखा बंद ठेवणाऱ्या एसएमपीएसचं?

सिंगलस्लॉट
पंखा थांबवणाऱ्या त्या मोडचं बटण असेल तर मे महिन्यात तो मोड बंद करा, पंखा फिरू द्या. माझ्याकडच्याला आहे. पुण्यातही एप्रिलपासून मी ते बंदच ठेवतो.