मुंबईत पिअरिंगसाठी राउटर कोणता घ्यावा?

कृष्णाकाठ
आमचं सातारा-कराड पट्ट्यात छोटं फायबर नेटवर्क आहे. रात्री नऊच्या सुमारास ट्रॅफिक ७ जीबीपीएसवर जातं, त्यात निम्म्याहून जास्त यूट्यूब, इन्स्टाग्राम, नेटफ्लिक्स. ते सगळं ट्रान्झिटच्या, म्हणजे बाकीच्या इंटरनेटशी जोडून देणाऱ्या कंपनीच्या, दराने ओढणं आता परवडत नाही. एएस नंबर (इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख) मिळालाय, मुंबईपर्यंत १० जीची (१० जीबीपीएस) लाइन ठरलीय, पिअरिंगसाठी, म्हणजे इतर नेटवर्कांशी थेट ट्रॅफिकची देवाणघेवाण करायला, एक्स्चेंजवर पोर्ट घेतोय. ट्रान्झिट एकच आणि ते साताऱ्यातच उतरतं. मुंबईच्या रॅकमध्ये मायक्रोटिकचा सीसीआर२११६ ठेवावा असं मला वाटतं. भागीदार म्हणतात, वापरलेला का असेना, ज्युनिपरचा एमएक्स२०४च घ्यायचा. काय करावं?

फायबरवाला
भागीदारांचं ऐका. आयपीव्ही४चं फुल टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटच्या रूटची (मार्गांची) यादी, १० लाख रूटच्या घरात गेलंय, वर आयपीव्ही६चे २ लाखांहून जास्त. १२ ऑगस्ट २०१४ आठवतो का? टेबल ५१२केच्या (सुमारे ५ लाख १२ हजार रूट) पुढे गेलं आणि ज्या जुन्या राउटरांच्या टीकॅममध्ये (रूट ठेवायच्या खास मेमरीत) तेवढीच जागा राखलेली होती, ते जगभर अडखळले. पेटी घ्यायची तर पुढची पाच वर्षं पुरेल अशी घ्या.

पॅकेटमोजणी
फुल टेबल इथे कशाला लागतंय? ट्रान्झिट एकच आहे, साताऱ्यात डिफॉल्ट रूट (यादीत नसलेलं सगळं एकाच दिशेला पाठवणारा) पुरतो. मुंबईत फक्त एक्स्चेंजच्या रूट सर्व्हरकडून (सदस्यांचे रूट एका ठिकाणाहून देणारा) आणि थेट पिअरकडून आलेले रूट ठेवायचे.

आणि मुंबईच्या पेटीत डिफॉल्ट रूट अजिबात ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. तो असला तर एक्स्चेंजवरचा एखादा शेजारी आपलं ट्रॅफिक तुमच्या पोर्टकडे वळवू शकतो. मग ते तुमच्याच लाइनवरून साताऱ्याला येतं आणि तुमच्या ट्रान्झिटमधून बाहेर पडतं. बिल तुम्हाला. डिफॉल्ट नसला की असलं पॅकेट तिथल्या तिथे टाकून दिलं जातं.

फायबरवाला
डिफॉल्टचं मान्य. टेबल बाजूला ठेवू, पॅकेट मोजू. १५०० बाइटच्या पॅकेटांनी १० जी भरायला सेकंदाला साधारण ८ लाख पॅकेट लागतात. ६४ बाइटची असली तर १ कोटी ४८ लाख. छोट्या पॅकेटांचा हल्ला आला की सीपीयूवर चालणारी पेटी गुडघे टेकते. एमएक्स२०४मध्ये फॉरवर्डिंगला वेगळी चिप आहे, शिवाय १०० जीचे ४ पोर्ट. उद्या ट्रॅफिक दुप्पट झालं तर पेटी बदलावी लागणार नाही.

पॅकेटमोजणी
सीसीआर२११६मध्येही स्विच चिप आहे, जेवढे रूट तिच्यात मावतील तेवढे हार्डवेअरमधून जातात. फक्त नॅट (अनेक ग्राहकांना एका पब्लिक आयपीमागे ठेवणं) आणि कनेक्शन ट्रॅकिंग (प्रत्येक जोडणीची नोंद ठेवणं) मुंबईत लावू नका, ते साताऱ्यातच राहू द्या. आणि ज्यांची लाइनच १० जीची आहे त्यांनी १०० जीच्या पोर्टांचे पैसे आज का भरायचे?

जुनाजाणता
तुम्ही दोघंही पेटीवर भांडताय, मला अंतराची काळजी वाटते. एकदा रात्री दीडला बीजीपी (राउटर एकमेकांना रूट सांगतात ती पद्धत) फिल्टरमधली एक ओळ माझ्याकडून चुकली आणि मुंबईचा राउटर हाताबाहेर गेला. डेटा सेंटरमधल्या माणसाला आमची कन्सोल केबल (राउटरला थेट जोडून तो हाताळायची) सापडेना. कराडहून गाडी काढली, उजाडता रॅकसमोर उभा राहिलो, ती ओळ दुरुस्त केली. काम दोन मिनिटांचं. तोवर शहरभरचे फोन वाजत होते.

तेव्हापासून कन्सोलला सिमवर चालणारा वेगळा रस्ता कायम जोडलेला असतो. पेटी कुठलीही घ्या, पण तसलीच दुसरी कॉन्फिग भरून कपाटात हवी. वापरलेल्या एमएक्सची जोडी तुमच्या बजेटात बसते का, ते आधी बघा.

फायबरवाला
जोडी बसत नसेल तर माझा आग्रह मागे घेतो. पण एक राउटर आणि वर नशीब, असं करू नका. प्रत्येक पिअरला रूटसंख्येची कमाल मर्यादाही पहिल्याच दिवशी लावा. कोणाकडून चुकून सगळं टेबल सांडलं तर लहान पेटी आधी गुदमरेल.

कृष्णाकाठ
वापरलेल्या एमएक्सची जोडी आम्हाला झेपणार नाही. दोन सीसीआर, मुंबईत डिफॉल्ट नाही, नॅट साताऱ्यात, असं भागीदारांना आज सांगतो. सिमवाल्या कन्सोलसाठी कुठलं यंत्र वापरता, तेवढं लिहा. आमच्या रॅकमध्ये मोबाइलची रेंज जेमतेम एक कांडी येते.