नाणे कोणी दिले आणि देताना काय सांगितले?

नाण्यांच्या किमतीविषयी पुष्कळ बोलले जाते. वास्तविक बहुतेकांच्या संग्रहातले पहिले नाणे विकत घेतलेले नसते, ते कोणीतरी हातावर ठेवलेले असते. त्या देणाऱ्यांविषयी आपण या धाग्यावर लिहावे, अशी विनंती आहे. नाणे कोणते, ते कसे मिळाले आणि देताना त्या व्यक्तीने काय सांगितले, एवढे जरूर यावे. बाजारभाव लिहू नये. देणाऱ्याचे नावही लिहू नये, कारण यातली बरीच मंडळी आपण दिलेल्या वस्तूचा नुसता उल्लेख झाला तरी संकोचतात.

सुरुवात मीच करतो. मुलुंडला आमच्या इमारतीखाली एका कच्छी शेठजींचे धान्याचे दुकान होते. मी कॉलेजात असताना एकदा नाण्यांचे पुस्तक हातात घेऊन रेशनच्या रांगेत असल्यासारखा तेथे उभा होतो, ते त्यांनी पाहिले आणि गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून चांदीची एक पाच कोरी (कोरी हे कच्छ संस्थानाचे चलन) काढून माझ्यासमोर ठेवली. ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने १९३६ च्या डिसेंबरात राजत्याग केला. त्याच्या नावाचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानात कधी चलनात आला नाही. कच्छ संस्थानाने मात्र त्या अल्प कारकिर्दीतही त्याच्या नावाची नाणी पाडली. एका बाजूला फारसी लिपीत एडवर्डचे नाव आणि दुसऱ्या बाजूला नागरीत महाराव खेंगारजींचे नाव व विक्रम संवत १९९३ असे ते नाणे आहे. शेठजींचे वडील भुजहून येताना अशी काही नाणी कमरेला बांधून आले होते. “माझे मुलगे ही वजनावर देऊन टाकतील, तू निदान वाचशील तरी,” असे म्हणून त्यांनी दुकानाच्या पुडीच्या कागदावर गावाचे आणि वडिलांचे नाव गुजरातीत लिहून तो कागदही मला दिला. त्या कागदाला अजून हिंगाचा वास येतो असे मला वाटते, घरातल्या इतर कोणालाही तो येत नाही. कागद मी नाण्याखालीच ठेवला आहे, कारण नाणे तेवढे राहिले आणि कागद हरवला तर ती कोरी इतर कोऱ्यांसारखीच एक कोरी उरेल.

पुणे, यंत्र-अभियंता

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शिक्षण चालू असताना मी एका रविवारी तेथे एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे, उचलून विक्रेत्याला विचारले की यावरची अक्षरे अर्धवट का आहेत. तो वैतागला. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ते उत्तर पुढे कितीतरी महिने चालले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू.

कसब्यातल्या त्यांच्या घरी त्यांनी सतरंजीवर पांढरा पंचा अंथरला आणि त्यावर सात-आठ शिवराया ओळीने मांडल्या. ठसा मोठा आणि तांब्याची चकती त्या मानाने लहान, त्यामुळे एका नाण्यावर सबंध मजकूर सहसा उतरत नाही, हे त्यांना मला तोंडाने न सांगता दाखवायचे होते. पहिल्या नाण्यावर बिंदूंची कड आणि ‘श्री’ होता, दुसऱ्यावर ‘राजा’ पुरता उमटला होता, तिसऱ्यावर ‘शिव’ स्वच्छ होते पण वरची ओळ चकतीबाहेर गेली होती. आगपेटीच्या काडीने ते एकेका अक्षराकडे निर्देश करीत गेले आणि माझ्याकडून तो मजकूर जोडून घेतला. मग त्यांनी सगळी नाणी उलटी केली आणि ‘छत्र’ वर, ‘पति’ खाली, हे मला स्वतःला शोधू दिले. काडी नाण्याला कधीही टेकली नाही, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी आजही नव्या मुलांना सांगतो. हाच मजकूर असलेली शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या ठिकाणी पाडली जात होती आणि एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. म्हणून प्रत्येक शिवराई राज्याभिषेकाच्या काळातली, म्हणजे १६७४ च्या आसपासची, असे धरता येत नाही. “विक्रेते तसे सांगतात. त्यांचे पोट आहे, त्यांनी सांगावे. तुम्ही सांगू नका,” हे त्यांचे शब्द.

निघताना त्यांनी तीन झिजलेली नाणी दिली आणि एक अट घातली. पातळ कागद नाण्यावर ठेवून मऊ पेन्सिलीने प्रत्येकाचे ठसे उमटवून आणायचे. मी नेलेल्या ठशांवर ते तांबड्या शाईने ‘शि’ची वेलांटी कोठे वळते, कान्याचे टोक कसे आहे, अशा खुणा करून देत. बाजारात ज्यांना कोणी विचारणार नाही अशीच ती नाणी होती आणि अण्णांनी ती मुद्दाम निवडली होती, हे उघड आहे. चांगले नाणे मिळाले असते तर मी ते नुसते पाहत बसलो असतो. झिजलेले असल्यामुळे वाचायला शिकावे लागले.

सोलापूर, निवृत्त रोखपाल

पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. त्या आधीच्या काही आठवड्यांत लोक पिशव्या, डबे, देवघरातल्या वाट्या घेऊन शाखेत येत होते. त्याच सुमारास अंध मुलांच्या शाळेतील एक शिक्षिका खिडकीशी आल्या. त्यांना नाणी बदलून नको होती, उलट ॲल्युमिनियमच्या नाण्यांचे पूर्ण संच हवे होते. एक पैसा चौकोनी, दोन पैसे नागमोडी कडेचे, तीन पैसे षटकोनी, आणि पुढे पाच, दहा, वीस पैशांना पुन्हा तोच क्रम, थोड्या मोठ्या आकारात. ही रचना बोटांना किती सोयीची होती, हे आयुष्यभर नाणी मोजूनही आम्हा डोळसांच्या मनात आले नव्हते.

एका संचाचे दर्शनी मूल्य होते एक्केचाळीस पैसे. माझ्या सहकाऱ्यांनी आपल्या खिशातून तेवढी रक्कम भरून संच बाजूला काढले. तीन पैसे मिळणे सर्वांत कठीण गेले. शेवटी एका पानवाल्याने आपल्या गल्ल्यात शकुनाचे म्हणून ठेवलेले नाणे काढून दिले आणि बदल्यात काहीही घेतले नाही. पुढे शाळेत मला बोलावणे आले. एका मुलीने माझे डोळे रुमालाने बांधून माझ्या हातात एकामागून एक नाणी ठेवली आणि माझी उत्तरे तपासली. तिला एक पैसा आणि पाच पैसे यांतला फरक नखाने कड चाचपून क्षणात कळत होता. माझे गुण येथे लिहीत नाही.

म्हापसा, गृहिणी

आमच्या शेजारच्या आजी मुलाकडे लिस्बनला कायमच्या जाताना मला एक डबी देऊन गेल्या. तीत १९५८ सालची पोर्तुगीज इंडियाची एस्कुदो नाणी आहेत. तीन आणि सहा एस्कुदो असे विचित्र आकडे का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की बाजारात सगळे रुपयातच बोलत होते आणि सहा एस्कुदो म्हणजे एक रुपया, म्हणून सरकारलाही सहाचेच नाणे काढावे लागले. डबीतले एक नाणे त्यांनी परत घेतले. त्याच्यासाठी त्यांना त्यांच्या आईचा मार बसला होता, एवढेच सांगितले.

न्यू जर्सी, संगणक क्षेत्र

अमेरिकेत १९९९ पासून २००८ पर्यंत दरवर्षी पाच याप्रमाणे पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी निघाली. राज्ये ज्या क्रमाने संघराज्यात आली त्याच क्रमाने, म्हणजे प्रथम डेलावेअर आणि शेवटी हवाई. आम्ही नवे होतो आणि कपडे धुण्याच्या सार्वजनिक यंत्रांसाठी ही नाणी आम्हाला ढीगभर लागत. यंत्रांपाशी भेटणारे एक निवृत्त टपालवाहक प्रत्येक नाणे यंत्रात टाकण्यापूर्वी उलटून पाहत. माझ्या मुलीने कारण विचारले, तर पुढच्या खेपेस त्यांनी तिच्यासाठी नकाशाच्या आकाराचा पुठ्ठ्याचा अल्बम आणला, ज्यात प्रत्येक राज्याच्या जागी एक भोक होते. तो भरायला आम्हाला काही वर्षे लागली, आणि आमच्या भागात सहज न मिळणारी नाणी त्यांनी स्वतःच्या सुट्ट्या पैशांतून काढून दिली.

एकदा त्यांनी तिला १९४३ चा एक सेंट आणि एक लोहचुंबक दिला. युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून त्या वर्षी अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा सेंट काढला होता. तो चुंबकाला टपकन चिकटला, तेव्हा दोघेही सारख्याच आनंदाने हसले. त्या हिवाळ्यात मी भारतातून आईच्या डब्यातला भोकाचा पैसा घेऊन आलो. तोही १९४३ चा, आणि मधले भोक पाडण्यामागेही युद्धकाळात धातू वाचवण्याचाच हेतू. माझ्या वडिलांच्या लहानपणी तो करगोट्यात ओवून कमरेला बांधत असत, हे मी त्या टपालवाहकांना सांगितले. ते बराच वेळ त्या भोकातून खिडकीकडे पाहत होते. मग त्यांनी तो सेंट ठेवलेल्या पाकिटावर माझ्या वडिलांचे नाव लिहायला मला सांगितले आणि भोकाचा पैसा ठेवलेल्या पाकिटावर आपल्या वडिलांचे नाव लिहिले. त्यांचे वडील युद्धात होते. अशी अदलाबदल कोणत्याही सूचीत बसत नाही.

डोंबिवली, गृहिणी

माझे यजमान गेल्यानंतर त्यांची नाण्यांची पेटी घेऊन मी फोर्टमधील नाण्यांच्या एका जुन्या विक्रेत्यांकडे गेले. पैशांची गरज होती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. त्यांनी दुपारभर बसून प्रत्येक नाण्याची यादी स्वहस्ते केली आणि कोणती विकावीत, कोणती विकू नयेत, ते बाजूला लिहिले. त्यात पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया होता. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने तो रुपया मागे घेतला गेला आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट कोरली गेली, हे मला तेव्हा प्रथम कळले. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला मी त्याच रुपयाला हळदकुंकू वाहत होते. “वाहत राहा, फक्त चिंचेने घासू नका,” असे ते म्हणाले. ते तो सहज घेऊ शकले असते, आणि मला काही समजलेही नसते.

त्याआधी फोनवर एका माणसाने मला या नाण्यांसाठी लाखांची आमिषे दाखवून ‘नोंदणी शुल्क’ मागितले होते. तेही त्यांना सांगितले. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये अशाच प्रकारांविरुद्ध दिलेल्या इशाऱ्याची प्रत त्यांनी दुकानात लावूनच ठेवली होती. आलेल्या प्रत्येकाला ते प्रथम ती वाचायला लावतात.

नाशिक, संशोधक

नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाला हरवणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे पुन्हा उमटवली आहेत, म्हणजे हरलेल्याचे नाणे वितळवण्याऐवजी त्याच्यावरच आपला ठसा मारला आहे. माझ्या प्रबंधासाठी मला अशा नाण्यांची वजने हवी होती. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात छायाचित्रे व लेख मिळाले, परंतु काटा लावण्यासाठी प्रत्यक्ष नाणी हवीत. एका खासगी संग्राहकांनी आपला संपूर्ण ट्रे आणि सराफी काटा माझ्यासमोर ठेवला, आणि “मी चहा टाकतो, साखर किती?” असे विचारून ते आत गेले. ट्रेमध्ये किती नाणी आहेत हे त्यांनी मोजले नव्हते आणि परत आल्यावरही मोजले नाही. मी मात्र मोजली होती, दोनदा.

ठाणे, नाव नको

सर्वांचे अनुभव गोड आहेत, परंतु चित्र एकांगी होऊ नये. आता बंद डबीत अस्सलपणाच्या प्रमाणपत्रासह आलेले नाणे हातावर ठेवायलाच कोणी तयार नाही. मी स्वतःही देत नाही.

(धागाकर्ता : देत नाही हे प्रामाणिकपणे सांगितलेत, याबद्दल आभार. डबीतले नाणे देऊ नये, पण त्याच्याविषयी चार ओळी जरूर लिहाव्यात.)

न्यू जर्सी, पुन्हा

सोलापूरच्या रोखपाल काकांचा अनुभव मुलीला वाचून दाखवला. तिच्याकडे तीन पैसे नाही. शिवाय पुण्याच्या मित्रांकडून एखादी झिजलेली शिवराई तिला मिळू शकेल काय?

सोलापूर

तीन पैसे माझ्याकडे आहेत. साल १९६५, कड शाबूत. आपल्या आईंच्या पत्त्यावर पाठवतो, पुढे आपण न्यावे. पानवाल्याचा गल्ला आता त्याचा मुलगा पाहतो, त्यालाही हे कळवीन.

पुणे

शिवराई मात्र पाठवता येणार नाही. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात आणि ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. पुढच्या वेळी सुट्टीत मुलीला घेऊन पुण्याला यावे. पंचा, नाणी आणि आगपेटीची काडी मी तयार ठेवतो, मऊ पेन्सिल तिने आणावी.