मदत हवी आहे : ड्रम मशीनच्या टेम्पोला डिले पेडल कसा बांधायचा?

निपाणी भागात आमचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, गणपती, जत्रा. ड्रमर नाही, ताल अलेसिस एसआर-१६ या ड्रम मशीनवर. मी गातो आणि गिटारला बॉसचा डीडी-८ डिले (आवाजाचे प्रतिध्वनी देणारं पेडल) लावतो.

१२० च्या टेम्पोला (मिनिटाला १२० ठोके) डिले ३७५ मिलिसेकंदांवर ठेवला की काय सुरेख बसतो! पण पुढचं गाणं १३२ चं असलं की प्रतिध्वनी तालाच्या मागे रेंगाळतात आणि फास्ट अंतऱ्यात नुसता गोंधळ. एफएस-५यू फूटस्विच पायाने तालात दाबून (टॅप करून) टेम्पो देऊन पाहिला. गाता गाता पाय अचूक पडत नाही, थोडा फरक राहतोच. डीडी-८ ला मिडी (वाद्यांनी एकमेकांना टेम्पो वगैरे कळवायची जोडणी) नाही, म्हणून तो विकून मिडी असलेला डीडी-२०० घ्यायचा विचार आहे.

लॅपटॉप नको, जनरेटरवर भरवसा नाही.

एसआर-१६ आणि डीडी-२०० ही जोडी कुणी स्टेजवर वापरली आहे का? मशीनचं मिडी पाचपिनी, पेडलचं छोटं टीआरएस (हेडफोनच्या पिनसारखं); मधे नेमकी कुठली केबल लागते, बेळगाव-कोल्हापुरात मिळेल का? आणि मशीन स्टॉपवर असताना पेडलला नवा टेम्पो कळतो, की प्ले दाबल्यावरच?