सुरगाठ ही गाठ आहे का?

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आईचा गळ्यातला साज गाठवायला टाकला होता. ती म्हणाली, "मामा, निरगाठच मारा." पटवेकरी हसले, "सुरगाठीवर साज टिकतोय व्हय, वहिनी?" मी आजवर समजत होते, सैल ती सुरगाठ, घट्ट ती निरगाठ. बरोबर ना?

— नाही. परकराची नाडी करकचून आवळली तरी एक टोक ओढताच सुटते, ती सुरगाठ. निरगाठ ओढली तर आणखी बसते. ती सोडवायची तर टोक उलटं ओवून बाहेर काढावं लागतं.

— हाच फरक गणित धरतं! तिथे दोरीची दोन्ही टोकं जोडूनच टाकतात, म्हणजे ओवून काढायची वाट बंद. मग नुसतं सरकवून जिचं साधं कडं होतं, ती गाठ मोजतच नाहीत. नाडीला सुरगाठ मारा, टोकं एकमेकांना शिवा. फासा मागे ओढून घेतला की तरीही सुटेल. क्रोशाची साखळीही तशीच: शंभर टाके घाला, शेवटचं टोक ओवलं नाही तर एका ओढीत सगळं उसवतं. साध्या निरगाठीची टोकं जोडली तर मात्र दोरी तीनदा स्वतःला ओलांडते आणि काही केल्या सुटत नाही. सर्वांत लहान खरी गाठ हीच.

— आणि चपलेची वेणी? आमच्याकडे तिला कुणी गाठ म्हणत नाही. सोडली की पेड सुटे.

— टोकं मोकळी आहेत तोवर. तीनपेडी वेणीत चार ओलांडण्या घालून वरची टोकं खालच्यांना ओळीने जोडा: एकच दोरी, चार ओलांडण्यांची गाठ. सहा घातल्या तर तीन वेगळी कडी होतात. त्यांतली कुठलीही दोन एकमेकांत अडकलेली नसतात, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापलं की उरलेली दोन मोकळी. हवे तितके पेड घेतले तर कुठलीही गाठ अशी वेणी जोडून करता येते, हे अलेक्झांडर या गणितज्ञाने १९२३ मध्ये सिद्ध केलं.

— त्या तीन कड्यांना 'साखळी' म्हणू नये मग. साखळीत कडीत कडी अडकते. 'गुंफण' चालेल.

— गुंफण छान. पण साजाच्या दोऱ्याची मागची गाठ मागंपुढं सरकते, ती सुरगाठ का?

— टोक ओढून सुटते का?

— नाही.

— मग निरगाठच. नुसती सरकते म्हणून सुर होत नाही.