नोटिशीतला ‘टेनंट’

सेक्रेटरी, रात्री ८:१०
सर्व सभासदांना नमस्कार. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आहे त्यांनी टेनंटच्या रेंट अ‍ॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशनची पावती रविवारपर्यंत ऑफिसात द्यावी. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) नेहमीप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या १०%.

ए-७०३ काकू
सेक्रेटरी साहेब, माझ्याकडे टेनंट नाही, लायसन्सी आहे. नोटीस दुरुस्त करा.

बी-५०२
काकू, एकच ना ते? पाच तारखेला भाडं जमा होतं की नाही? 😀

ए-७०३ काकू
भाडं नाही, लायसन्स फी. वकिलांनी दहादा बजावलंय, टेनंट हा शब्द कुठेही उमटू द्यायचा नाही. उद्या तो मुलगा ही नोटीस घेऊन कोर्टात उभा राहिला तर तुम्ही येणार का?

सेक्रेटरी
अहो काकू, पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्मवरसुद्धा टेनंटच असतं. मी एकटा काय करू 🙏

डी-३०१
एक बावळट प्रश्न. करारावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहितात, त्यातलं ‘लीव्ह’ म्हणजे अकरा महिन्यांनी घर सोडायचं, म्हणून ना?

बी-५०२
मला पण तसंच वाटायचं.

ए-७०३ काकू
आप्पा, तुम्ही ऑनलाइन दिसताय. सांगा यांना.

सी-२०२ आप्पा
जेवत होतो. थांबा, चष्मा घेतो.

सी-२०२ आप्पा
फोर्टातल्या सॉलिसिटरच्या ऑफिसात ३१ वर्षं हे करार टाइप केलेत, म्हणून बोलतो. आधी लीव्ह. हा लीव्ह सोडून जाण्याचा नाही, परवानगीचा. जुन्या इंग्रजीत लीव्ह म्हणजे परवानगी, आणि लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेला लायसन्स म्हणजेही परवानगीच. इंग्लंडातल्या वकिलांना दोन्हीकडचे शब्द जोडीने लिहायची सवय. आपण नाही का कागदपत्र म्हणत? कागद फारशीतून आलेला, पत्र संस्कृत. धनदौलत, बाजारहाट, सगळी तीच तऱ्हा.
आणि नोकरीतली लीव्ह हीसुद्धा मूळची परवानगीच, गैरहजर राहण्याची. आपल्याकडे ‘रजा’ शब्दाचं हुबेहूब असंच झालंय. रजा म्हणजे मुळात संमती. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ त्याच घरातले. पाहुणा उठताना ‘आता रजा द्या’ म्हणतो तेव्हा तो सुट्टी मागत नसतो.

डी-३०१
हे भारी आहे आप्पा. पण मग टेनंट आणि लायसन्सीत फरक काय?

सी-२०२ आप्पा
ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं म्हणून रस्ता तुमच्या मालकीचा होतो का? एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते करायची मुभा मिळते, बस. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टात ५२ व्या कलमात लायसन्सची व्याख्या साधारण हीच आहे. लीजची व्याख्या त्याच वर्षीच्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टात, कलम १०५. तिथे मात्र घराच्या उपभोगाचा हक्कच समोरच्याकडे जातो, आणि तो झाला टेनंट. काकूंच्या करारात बघा, ताबा कायद्याने मालकाकडेच राहील असं एक वाक्य असणार.

ए-७०३ काकू
आहे! दुसरी किल्ली माझ्याकडे आणि माळ्यावर आमची ट्रंक पण आहे.

बी-५०२
ट्रंक म्हणजे ताब्याचा पुरावा 😂

ए-७०३ काकू
हसू नका. त्यात सासूबाईंची तांब्याची भांडी आहेत.

बी-५०२
बरं. पण मुंबई-ठाण्याच्या लोकांना टेनंट शब्दाची एवढी धास्ती का?

सी-२०२ आप्पा
धास्ती उगाच नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने टेनंटला असं संरक्षण मिळालं की घर रिकामं करून घेणं महाकठीण. म्हणून मालक लायसन्स लिहून द्यायला लागले. तर कायद्यात दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं त्यांना थेट टेनंट मानलं गेलं! आमच्या गिरगावातल्या एका शेजाऱ्यांनी ती बातमी ऐकून दुसरी खोली कोणालाच न देता कित्येक वर्षं कुलपात ठेवली. त्या भीतीचं शेपूट अजून हलतंय.

ए-७०३ काकू
म्हणजे माझं बरोबर होतं.

सी-२०२ आप्पा
अर्धं. १९५९ साली सुप्रीम कोर्टापुढे दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या एका केशकर्तनालयाचा खटला होता. कागदावर लायसन्स होतं, कोर्टाने ते लीज ठरवलं. नाव काहीही द्या, दिलंय काय ते बघू, असा एकूण सूर. पण आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं २४ वं कलम घरमालकाच्या बाजूचं आहे. लेखी करारात लिहिलेल्या गोष्टींना तो करारच निर्णायक पुरावा. मुदत संपूनही मुक्काम हलवला नाही तर दुप्पट दराने भरपाई. सेक्रेटरींची नोटीस हा करार नव्हे, तिने तुमचा लायसन्सी टेनंट होत नाही. तरी शब्द नीट लिहावा या मताचा मी आहे. इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, ‘३६-अ, लिव्ह अँड लायसन्सेस’ छापलेलं असतं, त्याच्याशी जुळलं की झालं.

डी-३०१
आणि लायसेन्सर? माझ्या मावसभावाने त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं, राहायला जाणारा तो असून. एजंटने सहीच्या आधी पकडलं.

सी-२०२ आप्पा
लायसेन्सर म्हणजे देणारा. शेवटी ‘ई’ ऐकू आला की बहुतेक वेळा घेणारा. लायसन्सी, लेसी, पेयी, नॉमिनी.

बी-५०२
नॉमिनीला तर फ्लॅटच मिळतो ना?

सी-२०२ आप्पा
नॉमिनी आणि वारस हे वेगळं प्रकरण आहे, ते आज काढू नका. माझा भात निवतोय.

सेक्रेटरी, रात्री ९:०२
सुधारित नोटीस: ज्यांनी फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सने दिला आहे त्यांनी नोंदणीकृत कराराची कॉपी रविवारपर्यंत द्यावी. काकू, चालेल?

ए-७०३ काकू
चालेल 👍

बी-१०४
नमस्कार. मीच बी-१०४ मध्ये राहतो, सहा महिने झाले. मला टेनंट म्हणा, लायसन्सी म्हणा, भाडेकरू म्हणा, काही हरकत नाही. फक्त गेटवरच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे ‘भाडोत्री’ लिहिलंय. आई आली होती, तिने ते वाचलं.

सेक्रेटरी
सॉरी दादा. सकाळी पहिलं तेच बदलतो.